मिशनऱ्याची फजिती आणि ओसूचा वस्तरा

आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत गेलेल्या मिशनऱ्यांची पुस्तकं हातात घेतली की एक गोष्ट पहिल्या पन्नास पानांतच ध्यानात येते. फजितीशिवाय त्यांची गाडी पुढं सरकत नाही. बैल पाठीवरून फेकतो. छप्पर गळतं. मुंग्यांची फौज रात्री बिछान्यात शिरते. तापानं आठ-आठ दिवस अंथरूण सुटत नाही, हमाल औषधाची पेटी घेऊन पळून जातो, दुभाष्या भलताच शब्द बोलतो आणि प्रवचनाला जमलेला गाव पोट धरून हसतो. हे सगळं तो भला माणूस रात्री दिव्याच्या उजेडात चवीनं लिहून काढतो आणि बोटीनं मायदेशी धाडतो. तिकडं लोक ते वाचतात, हसतात, डोळे पुसतात आणि वर्गणीच्या थाळीत नाणं टाकतात. म्हंजे फजितीसुद्धा कामाला लावलेली.

आपले पांढरपेशे समीक्षक याला निर्मळ विनोद म्हणतील. स्वतःवर हसता येणं हे मोठ्या मनाचं लक्षण, असं काहीतरी त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतंय. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. आमचा जॉबर स्वतःची फजिती सांगतो तेव्हा सगळं खातं हसतं, तोही हसतो. डॉफिंगचं पोरगं कधी स्वतःची फजिती सांगत नाही. कारण त्याच्या फजितीला दंड असतो, नाहीतर खाडा. स्वतःवर हसणं परवडतं कुणाला, हा प्रश्न घेऊन मी ही पुस्तकं वाचली. इंग्रजी, मांडीवर डिक्शनरी घेऊन, रातपाळीनंतरच्या दिवसात.

पहिला डेव्हिड लिव्हिंगस्टन. जन्म १८१३, स्कॉटलंडातलं ब्लँटायर. दहाव्या वर्षी हे पोरगं सूतगिरणीत लागलं. काम, तुटलेला धागा सांधायचं. सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या आठवड्याच्या पगारातल्या पैशातनं त्यानं लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं. पुस्तक साच्यावर टेकवून ठेवायचं आणि येता-जाता एकेक वाक्य उचलायचं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. धागा सांधताना वाचायचं म्हंजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

१८५७ साली त्याचं 'मिशनरी ट्रॅव्हल्स' छापून आलं. त्यात सिंदबाद नावाचा एक बैल आहे. लिव्हिंगस्टन त्याच्यावर बसून आफ्रिकेच्या मधल्या मुलखातनं पश्चिम किनाऱ्याला निघालाय, अंगात ताप. बैलाची शिंगं खाली लोंबलेली, स्वभाव महा वाकडा. वेली लोंबत असतील तिथनंच नेमका पळणार, स्वार डोक्यावर आपटणार, आणि वर उठायच्या आत लाथ मारायला बघणार. मजेदार लिहिलंय, वाद नाही. पण माझ्या मते त्या पुस्तकातली खरी फजिती वेगळीच आहे आणि ती बैलानं केलेली नाही.

बाक्वेना लोकांचा राजा सेचेले हा लिव्हिंगस्टननं बाप्तिस्मा दिलेला मोठा माणूस. साल १८४८. हा सेचेले त्याला आधीच सांगतो की नुसतं बोलून ही माणसं ऐकायची नाहीत. मी माझ्या सरदारांना बोलावतो, गेंड्याच्या कातड्याचे चाबूक काढतो, सगळे एकदमच ख्रिस्ती होतील. मिशनरी नको म्हणतो. मग बाप्तिस्म्यासाठी सेचेलेनं एक बायको ठेवून बाकीच्या माहेरी पाठवून दिल्या. प्रत्येकीला नवे कपडे दिले, दोष तुमचा काही नाही असा निरोपही दिला. त्यातल्या काही तर लिव्हिंगस्टनच्याच शाळेत चांगलं शिकणाऱ्या. त्यांच्या नातलगांनी शाळेत आणि चर्चमध्ये यायचं बंद केलं. आणि वर्षभरात धाडून दिलेल्या एका बायकोला सेचेलेपासूनच दिवस गेले. मिशनरी हादरला. त्याच्या हादरण्यावर पुढच्या चरित्रकारांनी पानंच्या पानं भरली. त्या माहेरी धाडलेल्या बायांपैकी एकीनं जरी चार ओळी लिहिल्या असत्या तर आज आपण बैलावर हसत बसलो नसतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. लिव्हिंगस्टन वाद प्रामाणिक लिहितो. पाऊस पाडणाऱ्या वैदूशी झालेली त्याची बाचाबाची त्यानं पुस्तकात मांडलीय. वैदूचं म्हणणं असं की आपण दोघंही औषध देणारे. तुझा रोगी बरा झाला तर तू श्रेय घेतोस, मेला तर देवाची मर्जी म्हणतोस. मग माझा पाऊस नाही पडला की मीच तेवढा लबाड कसा? वैदू हरलाय असं त्या पानावरनं वाटत नाही, आणि मिशनऱ्यानं ते तसंच छापू दिलं. आमच्याकडच्या किती शास्त्रीबुवांनी आपल्या विरोधकाचं म्हणणं असं पुरतं लिहून ठेवलंय?

दुसरी मेरी स्लेसर. हीसुद्धा गिरणीचीच. १८४८चा जन्म. डंडी शहरात अकराव्या वर्षापासनं अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. पुढं पूर्ण पाळीची विणकरीण, बारा-बारा तास. १८७६ साली ती कॅलाबारला गेली, म्हंजे आजच्या नायजेरियाचा आग्नेय कोपरा. मिशनच्या गोऱ्या बायका टोपी, मोजे, गाळलेलं पाणी याशिवाय घराबाहेर पडत नसत. ही केस बारीक कापून, अनवाणी, टोपीशिवाय हिंडायची, मिळेल ते पाणी प्यायची आणि तिथल्या लोकांचंच अन्न खायची. चरित्रकारांना यात साधेपणा दिसतो. मला दुसरं दिसतं. पगारातला मोठा हिस्सा ती आईला आणि बहिणींना पाठवत होती, स्वस्तातलं खाल्ल्याशिवाय पैसा उरणार कुठनं? खोलीवर चार जणांत राहून गावाकडं पैसे धाडणाऱ्याला हे लगेच कळतं.

जुळी मुलं झाली की तिथं ती मारत किंवा रानात टाकून देत, आईला हाकलून लावत. स्लेसर ती उचलून आणायची, घरात वाढवायची. हे काम मोठं आहे. त्याला हसणारा माणूस माणूस नव्हे. १८८८ पासनं ती आत ओकोयोंग मुलखात राहिली, मातीच्या खोलीत, उंदीर-झुरळांच्या संगतीत. पण पुढं काय झालं बघा. १८९२ साली ब्रिटिश सरकारनं तिला व्हाइस कॉन्सल केलं. आता ती न्यायनिवाडे करते. मधे बोलणाऱ्या सरदाराच्या कानफटात द्यायची असंही सांगतात, आणि चरित्रं ही गोष्ट कौतुकानं सांगतात. डंडीत हिच्या डोक्यावर जॉबर होता. कॅलाबारला उतरल्यावर तिच्या कातडीनं तिला बढती दिली. गिरणीतली बाई म्हणून मी तिच्या बाजूनं उभा राहतो, पण त्या सरदाराच्या गालाची बाजूही मला सोडता येत नाही. तो स्वतःच्या घरात काय बोलला असेल?

आता दुभाष्या. सगळ्या पुस्तकांत सगळ्यात जास्त हसं याचं. वास्तविक मिशन चालवलं याच लोकांनी. सॅम्युअल अजायी क्राउदर हा योरुबा माणूस. १८२१ साली पोरवयात गुलाम म्हणून पकडला, पुढच्या वर्षी इंग्रजांच्या जहाजानं सोडवला. त्यानं योरुबा भाषेचा शब्दसंग्रह केला, बायबल योरुबात आणलं, १८५७ साली नायजर नदीवर ओनित्शाला मिशन उभं केलं, १८६४ साली बिशप झाला. आणि १८९० साली इंग्लंडहून आलेल्या नव्या उत्साही तरुण मिशनऱ्यांनी या म्हाताऱ्या बिशपच्या डोळ्यांदेखत त्याची आफ्रिकी माणसं निलंबित केली. १८९१च्या शेवटच्या दिवशी तो वारला. त्याच्या जागी गोरा बिशप आला. सेवेच्या भावनेनं आलेली ती पोरं मनानं वाईट होती असं मी म्हणत नाही. काळ्या माणसाचा हिशेब तपासायचा अधिकार आपल्याला जन्मतःच आहे, एवढं फक्त ती धरून चालली होती.

इथं चिनुआ अचेबे येतो. त्याचा बाप याच ओनित्शाच्या मिशनचा धर्मशिक्षक. गावोगाव फिरून, थोड्या पगारावर, शिकवत आणि प्रार्थना चालवत आयुष्य काढलेला. पोरगा १९३० साली ओगिदीला जन्मला आणि १९५८ साली त्यानं 'थिंग्ज फॉल अपार्ट' लिहिलं. त्यात मिशनरी म्बान्ता गावात पहिल्यांदा येतो तो प्रसंग आहे. गोऱ्याचा दुभाष्या इग्बोच आहे, पण लांबच्या बोलीचा. 'मी स्वतः' म्हणायला तो जो शब्द वापरतो त्याचा म्बान्ताच्या कानाला अर्थ लागतो 'माझं ढुंगण'. झालं, गाव सुटलं. तुझ्या ढुंगणानं असं सांगितलं ना, मग देवाला बायको पण असेल, असे प्रश्न सुरू. मिशनऱ्यांच्या पुस्तकांत शंभरदा आलेली फजितीच ही. फरक एवढाच की अचेबेनं पाट उचलून दुसऱ्या बाजूला मांडला. आता हसणाऱ्यांना नावं आहेत, डोकी आहेत, वाद घालायची अक्कल आहे, आणि हास्याचं केंद्र गोऱ्या साहेबाकडनं निघून गावाच्या चौकात आलंय. जगभरच्या समीक्षकांनी याचं कौतुक केलंय आणि ते रास्त आहे.

पण गाव हसतंय म्हंजे कोण हसतंय? गावाच्या सभेला बसायचा हक्क ज्याला आहे तो हसतोय. ज्याला तो हक्कच नाही तो कुठं होता त्या दिवशी?

इग्बो समाजात ओसू नावाची माणसं आहेत. कधीकाळी कुणा पूर्वजाला देवाला वाहिलं, की तो आणि त्याची पोरंबाळं कायमची वेगळी. अचेबेनं सगळं सांगितलंय: स्वतंत्र कुळातल्या माणसाशी सोयरीक नाही, राहायची जागा देवळाजवळ निराळी, सभेत बसायचं नाही, मानाची पदवी घ्यायची नाही, त्याच्या छपराखाली दुसऱ्यानं थांबायचं नाही, मेल्यावर पुरायचं ते सैतानी रानात. आणि ओळख पटायला खूण काय, तर गुंता झालेले, वाढलेले, मळके केस. वस्तरा त्याला निषिद्ध.

हे वाचताना मला आफ्रिका वाचतोय असं वाटेना. आमच्या भागात यल्लम्माच्या नावानं जट येते. पोरीच्या केसाचा गुंता झाला की देवीनं मागितली म्हणायचं आणि तिला सोडायची. माझ्या थोरल्या आत्याला सोडलेली. डोक्यावर जट, हातात परडी, आणि आयुष्यभर मानेचं दुखणं. चाळीशी उलटल्यावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या एका बाईनं तिची जट कापली. गल्ली बघत बसली होती, आता पुनवेपर्यंत ही मरतीया. पुनव गेली. मग पुढची पुनव. आत्या जगली, आणि कुठल्या कुशीवर झोपू हे तिला आठ दिवस कळेना, इतकी मान हलकी झालेली. म्हणून अचेबेच्या त्या पानावर जो वस्तरा आहे तो मला प्रतीक-बितीक वाटत नाही. तो वस्तराच आहे.

म्बान्तात मिशनला जागा कुठली दिली, तर तेच सैतानी रान. देवीच्या रोगानं, महारोगानं मेलेल्यांना टाकायची जागा. आपल्याला गावानं जागा कुठली दिली हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथली गंमत जास्त कळेल. चार दिवसांत मरतील असं गाव म्हणालं. मेले नाहीत. मग मुदत वाढवून अठ्ठावीस दिवस. तरी मेले नाहीत. तेव्हा पहिली बाई आली, न्नेका. चारदा जुळी झाली, चारदा टाकून दिली, पुन्हा पोटुशी. मग एका रविवारी दोन ओसू चर्चमध्ये येऊन बसले, आणि आधी आलेले नवे ख्रिस्तीच उठून बाजूला सरकले.

या चर्चचा कारभारी गोरा नाही. किआगा नावाचा आफ्रिकी धर्मशिक्षक आहे. गोरा साहेब येऊन, गाणी म्हणून, निघून गेला. त्या रानात राहिला तो किआगा. नवे लोक त्याला समजावतात की तू बाहेरचा, तुला ओसू म्हंजे काय माहीत नाही. तो म्हणतो, असेना, त्यांनाच जास्त गरज आहे. एकजण म्हणतो मी चाललो माघारी, आणि जातो. किआगा त्याला जाऊ देतो. मग तो त्या दोघांना म्हणतो, डोकं भादरा. ते भितात, मरू म्हणतात. तो आपल्याकडं बोट दाखवतो, मला पण सगळे मरशील म्हणत होते. दोघं डोकं भादरतात, आणि पाठोपाठ म्बान्तातले जवळपास सगळे ओसू चर्चमध्ये येतात.

सगळ्या मिशनरी साहित्यात मला पटलेला माणूस हा एकच, किआगा. त्याच्यावर विनोद नाही, त्याचं चरित्र नाही, त्याच्या नावाचा पुतळा नाही. संख्या कमी होईल म्हणून त्यानं सवर्णाची मनधरणी केली नाही. सर्वांना बरोबर घेऊन चालू म्हणणारे पुढारी आपण फार बघितलेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता अचेबेशी माझं भांडण. ओसू आले, डोकं भादरलं, धर्मात कडवे झाले, हे तो सांगतो. पण त्या दोघांच्या तोंडी फक्त भीती आहे. गावाला त्यानं म्हणी दिल्या, टोमणे दिले, वादाची ऐट दिली. ओकोन्क्वोला अख्खी शोकांतिका दिली. ज्यांच्या आयुष्यात त्या दिवशी खरोखर उलथापालथ झाली त्यांना पानभर जागा. गावगाडा मोडला याचं दुःख पुस्तकभर आहे, आणि ते दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. गोऱ्यांनी मुलूख लुटला हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. पण आमच्याकडंही गाव मोडलं म्हणून रडणारं साहित्य पुष्कळ आहे, आणि ते गावकुसाच्या आतनंच लिहिलेलं आहे. अचेबे कितीही मोठा असला तरी या बाबतीत तो कुसाच्या आतला आहे.

हे त्याचं त्यालाही जाणवलं असावं. कारण १९६०च्या 'नो लाँगर ॲट ईझ'मध्ये तो थेट स्वतःच्या घरात हात घालतो. ओबी विलायतेत शिकून आलेला, क्लारा तिकडनंच नर्स होऊन आलेली. लग्न ठरवतात. क्लारा ओसू. ओबीचा बाप आयझॅक म्हंजे पहिल्या कादंबरीतला न्वोये, जो बापाचा मार खाऊन मिशनमध्ये पळाला होता. आता तो निवृत्त धर्मशिक्षक. तो पोराला सांगतो की आपण ख्रिस्ती खरे, पण ओसू लोकांच्या मनात महारोगासारखा आहे. दाखला कुठला देतो, तर बायबलातल्याच महारोगी सेनापतीचा. आई म्हणते मी जिवंत असताना लग्न केलंस तर जीव देईन. दोन पिढ्यांची प्रार्थना, आणि शेवटी हे. मिशनऱ्यांच्या सगळ्या फजित्यांत ही सगळ्यात मोठी फजिती, आणि ती कुठल्याही मिशनऱ्यानं चवीनं घरी लिहून पाठवलेली नाही. बैलावरनं पडलेला माणूस उठून अंग झटकतो. इथं क्लारा मूल पाडून कादंबरीतनं निघून जाते.

पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानं ओसू प्रथा बंद करणारा कायदा केला तो १९५६ साली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण ओबी आणि क्लाराचं लग्न मोडतं ते या कायद्यानंतर लिहिलेल्या कादंबरीत, आणि आपल्याकडं पोरगी बघायला गेलं की घरात बुद्धाची तसबीर असूनही पोटजात विचारतात. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का घ्यायला लावल्या, हे मला आयझॅकचं बोलणं वाचल्यावर नव्यानं कळलं. आयझॅकला कुणी अशी प्रतिज्ञा घ्यायला लावली नव्हती. त्यानं जुना देव सोडला. जुनी पायरी त्याच्याकडं कुणी मागितलीच नाही.

आणि ओकोली. पहिल्या कादंबरीत त्या ओसूंपैकी ज्याला नाव मिळालं असा हा एक. गावात अजगराला बाप म्हणतात, तो घरात हिंडतो, अंथरुणात शिरतो, कुणी हात लावत नाही. कुणीतरी तो अजगर मारला. ओकोलीनं मारला म्हणतात. बघितलं कुणीच नाही. ही गोष्ट उठली तीही ख्रिस्ती लोकांतनंच. गाव सभा भरवतं आणि ख्रिस्ती लोकांवर बहिष्कार टाकतं. बायका पाण्याला जातात आणि रिकामी मडकी घेऊन, फटके खाऊन माघारी येतात. पाणी तोडायचं हे तिथंही आधी सुचलं. ओकोली नाही म्हणतो, मी नाही मारला. मग रात्रीत आजारी पडतो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. गाव खूश, देव आपलं बघून घेतो म्हणून. बहिष्कार सैल होतो. गोष्ट पुढं ओकोन्क्वोकडं वळते.

त्या रात्री ओकोलीपाशी कोण बसलं होतं, त्याला ताप होता का कुणी काही खायला घातलं होतं, आणि अजगर त्यानं खरोखर मारला होता का? भादरलेल्या डोक्यावर केस किती वाढले होते तोवर? अचेबे १९५८ साली हे सोडून पुढं गेला आणि २०१३ साली वारला. मी त्या पानावर पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय.